वळणावरचा हात

ओनोदेरा बोलता बोलता नाहीसा झाला आणि खोलीतले सगळे हसले. चिगुसा नागामोरीला आधी राग आला तो त्या हसण्याचा. पडद्यावर ओल्या गवतात चौघे उभे होते, नुकतंच एक अस्वलासारखं धूड लोळवून दमलेले. त्यांतल्या तिघांना चालवणारी माणसं टोकियोतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकमेकांना कोपर लागेल इतकी जवळ बसली होती. चौथा ओनोदेरा, कंपनीचाच माणूस, दूर उत्तरेला साप्पोरोमध्ये आपल्या घरी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. टेलिफोनच्या तारेवरून तो इथे या गवतात येत होता. त्याच्या निळ्या चिलखतवाल्याच्या डोक्यावर शब्द उमटले, ‘मी काय म्हणतो, पुलापलीकडे जायच्या आधी’, आणि पुढच्या क्षणी शब्द नव्हते, डोकंही नव्हतं. नुसतं गवत. “सासूबाईंनी फोन उचलला!” प्रोग्रॅम लिहिणारा हिराओका खुर्चीत मागे रेलून म्हणाला. ओनोदेराच्या घरी लाइन एकच होती, गेमचं यंत्र तिलाच जोडलेलं, आणि सासूबाईंना दुपारी बहिणीशी गप्पा मारायची हुक्की यायची. त्यांनी रिसीव्हर उचलला की जावई या जगातून गायब. “अस्वलाच्या तावडीतून सुटला आणि सासूच्या तावडीत सापडला,” कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सुप्रसिद्ध गंभीर इनामुरासानही हसले, ज्यांच्या डोक्यातून हा सगळा गेम निघाला होता आणि ज्यांच्या शब्दाबाहेर या मजल्यावर कुणी जात नसे. हसून झाल्यावर ते म्हणाले, “पुढे चला.” बाकीचे दोघे पुढे निघालेसुद्धा. चिगुसाच्या हातातही गेमचं हँडल होतं, तिचीही आकृती त्या गवतात होती, पण तिचा अंगठा हलेना. आत्ता इथे एक माणूस होता, त्याचं वाक्य अर्धं राहिलंय, आणि हे म्हणतात पुढे चला.

तिचं काम या माणसांना हलवायचं. चालणं, पळणं, तलवार उपसणं, मार खाऊन कोसळणं, सगळ्यांची अंगं तिच्या हातून वळत. टीव्हीला जोडायच्या यंत्रावर कुठल्याही गावची चार अनोळखी माणसं एकाच रानात एकत्र फिरणार, हे तोवर कुणी करून पाहिलं नव्हतं, त्यामुळे कशाचंच ठरलेलं नव्हतं, माणसानं यायचं कसं याचंही नाही आणि जायचं कसं याचंही नाही. येण्यावर महिनाभर चर्चा झाली होती. प्रकाशाचा झोत खाली उतरतो, त्यात पाय दिसतात, मग अंग, मग चेहरा. जाण्याचा विचार कुणी केला नव्हता, आणि हे तिला आज, तेहतीस जणांच्या खोलीत, एकटीला दिसलं. दिसणारच. ती सहा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. वारले नाहीत, गेले. त्सुरुमीच्या कामगार वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून सकाळी कारखान्यात म्हणून निघाले, दारात ‘जाऊन येतो’ म्हणाले, आणि आले नाहीत. असल्या माणसांना शेजारपाजारचे ‘वाफ झाला’ म्हणायचे, आणि वसाहतीत अशी वाफ झालेली माणसं आणखीही होती. शाळेत तिच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा अंघोळीला म्हणून निघून वाफ झाले होते, साबणाची डबी घेऊन. पण चिगुसाचे बाबा तसले नव्हते. तिच्याकडे खिडकी होती. खिडकीतून दिसणारं टोफूच्या दुकानाचं वळण होतं. तिथे तपकिरी कोटातले बाबा थांबले, अर्धे वळले, कानापर्यंत हात वर केला, हलवला नाही, नुसता धरला, मग खांद्यावरून घसरलेला पिशवीचा पट्टा वर ओढला आणि वळणाआड गेले. हे तिला लख्ख आठवत होतं. पट्टा ओढताना कोपर कसं बाहेर आलं तेही. साबणाच्या डबीवाल्या पोराकडे काय होतं? काही नाही. ती त्या पोराला आपल्या डब्यातलं ऑम्लेट द्यायची, ते दयेपोटी.

“इनामुरासान, माणूस असा जाता कामा नये,” ती त्याच दुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

“कसा?”

“असा. वाक्य अर्धं टाकून.”

“लाइन तुटली, माणूस गेला. आपण काय करायचं मग? धूप लावायचा?”

“त्याची आकृती बाकी तिघांच्या यंत्रांत असतेच ना. लाइन तुटली की यंत्रांनी तीच आकृती वळवायची. ती हात वर करेल आणि मग जाईल.”

“पण तो तर वळलाच नाही, नागामोरी. त्याच्या सासूनं फोन उचलला. मग हात वर केला कुणी?”

“कुणी का करेना! मागे राहिलेल्यांना बरं वाटेल.”

“खोटं आहे ते,” इनामुरासान म्हणाले. चहा निवलाय म्हणावं इतक्या सहज म्हणाले आणि पुन्हा कागदात शिरले.

तिच्या कानशिलात रक्त चढलं. हा माणूस! संध्याकाळी दाराशी उभा राहून, कमरेत वाकून, ‘तुमच्या आधी निघतोय, क्षमा असावी’ असं सगळ्या खोलीला म्हटल्याशिवाय ज्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, तो माणूस! इथे कुणाचाच पडत नाही. झाडूवालीचा नाही, ताप भरून घरी निघालेल्याचा नाही. एकदा एक नवा मुलगा न बोलता निघून गेला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आणि आपण जे जग बनवतोय, ज्यात लोक म्हणे एकमेकांचे जीव वाचवणार, त्या जगातून माणसानं भुरट्या मांजरासारखं सटकायचं? खोटं म्हणे. दाराशी क्षमा मागतोस ती काय खरी असते? निघताना तुला वाईट वाटतं होय? तुला तर शेवटच्या बसची घाई असते. सगळी रीतभात खोटीच असते, पण तिच्यामुळे मागे राहिलेला माणूस रात्रीचं जेवू शकतो. हे सगळं ती मनात म्हणाली. तोंडानं ती “क्षमा असावी” म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मग तिनं तिथल्या रीतीनं काम सुरू केलं. सभेत कुणी काही ठरवत नाही. सभेत माना हलवायच्या असतात. ठरवायचं ते आधी, एकेकाच्या टेबलाशी उकिडवं बसून, हळू आवाजात, दोष आपल्याकडे घेत घेत. उन्हाळाभर ती योकानच्या गोड वड्या घेऊन टेबलं फिरत होती. हिराओका आधी म्हणाला, “जागा कुठाय? यंत्रात टाचणी ठेवायला जागा नाही, तू माणूस वळवायला सांगतेस.” मग त्यानं वडी खाल्ली, मग दुसरी, आणि चौथ्या दिवशी जागा निघाली. रानं आखणारे, आवाज देणारे, सगळ्यांना तिनं एकेक करून गाठलं. हालचाल तिची तयारच होती. बायकांच्या स्वच्छतागृहातल्या आरशासमोर उभी राहून ती अर्धी वळायची, हात कानापर्यंत न्यायची, पट्टा ओढायची. एकदा हिशेबाकडच्या बाई आत आल्या आणि ‘खांदा दुखतोय का?’ म्हणून मलमपट्टी देऊन गेल्या. “पण हा ओढतो काय?” हिराओकानं पडद्यावर पाहून विचारलं. “याच्या खांद्यावर पिशवीच नाही. बंदूक आहे.” “राहू दे,” ती म्हणाली. “अगं, पण दिसायला…” “राहू दे म्हटलं ना.” तिच्या आवाजानं तो दचकला आणि पुन्हा कामाला लागला. सभेच्या दिवशी चहा संपायच्या आत सगळं मंजूर झालं. इनामुरासाननी एकदाच डोळे मिटून उघडले. पुढच्या चाचणीत ओनोदेराच्या सासूबाईंनी फोन उचलला तेव्हा निळा चिलखतवाला थांबला, अर्धा वळला, हात धरला, नसलेला पट्टा ओढला आणि विरला. खोलीत कुणी हसलं नाही. वरच्या मजल्यावरचे लोक पाहायला आले आणि म्हणाले, टीव्हीच्या जाहिरातीत हेच दाखवू. इनामुरासान तिच्या टेबलाशी आले, जे कधी होत नसे. म्हणाले, “माझं चुकलं होतं. छान झालंय. मला माझे वडील आठवले. स्टेशनवर सोडायला यायचे.” ते गेल्यावर चिगुसानं ड्रॉवर उघडून उगीचच पेन्सिली नीट लावल्या. तिला रडू येत होतं आणि मोठा अभिमानही वाटत होता. माझे बाबा, ती मनात म्हणत होती, आता लाखो घरांत वळून पाहतील.

रविवारी ती व्हिडिओ टेप घेऊन त्सुरुमीला गेली. आई त्याच वसाहतीत, त्याच चौथ्या मजल्यावर राहत होती. वळणावरचं टोफूचं दुकान जाऊन तिथे नाण्यांवर चालणारी धुलाईयंत्रं आली होती, एवढाच काय तो फरक. बुटक्या मेजावर तीन पानं मांडलेली. तिसरं बाबांचं. प्रवासाला गेलेल्या माणसाच्या नावानं घरात पान वाढायचं, म्हणजे त्याची परमुलुखात उपासमार होत नाही, ही जुनी रीत. आई ती इतकी वर्षं चालवत आली होती. भाताची वाटी, सूप, लोणचं, भाजलेला बांगडा, शेपटी उजवीकडे. वाटीवर झाकण ठेवायचं. थोड्या वेळानं झाकण उचलायचं आणि आत वाफ धरलेली दिसली की आई म्हणायची, “ठीक असतील.” गरम भातावरचं झाकण, वाफ धरणार नाही तर काय करणार? पण चिगुसानं हे कधी म्हटलं नव्हतं. हात वर करून गेलेल्या माणसाला पान वाढायला तिची हरकत नव्हती. तिनं टेप लावली. “बघ हं, आई. नीट बघ. ओळख कोण ते.” निळा चिलखतवाला गवतात थांबला, अर्धा वळला. हात वर केला. पट्टा ओढला. आई चष्मा सावरून पुढे वाकली, मग तोंडावर हात ठेवून मुलीसारखी हसली.

“अगं बाई! ही तर मी!”

“तू काय? बाबा आहेत ते. वळणावरचे.”

“मीच की. हे बघ.” आई गुडघ्यांवर जोर देऊन उठली, अर्धी वळली, कानापर्यंत हात नेला, आणि मग खांद्यावरून घसरलेला एप्रनचा पट्टा वर ओढला. कोपर बाहेर आलं. तेच कोपर. “हा मेला पट्टा तेव्हापासून घसरतोय. तुला करून दाखवताना मधेच ओढायला लागायचा.”

“करून दाखवताना म्हणजे?”

“म्हणजे काय? तू झोपली होतीस ना. उठल्यावर बाबा बाबा करून घर डोक्यावर घेतलंस. मग मी म्हटलं, तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही, पण त्या वळणावर थांबून त्यांनी असा हात केला बरं का तुला. तर म्हणे, परत. परत कर. रोज झोपताना करायला लावायचीस. मला खांद्याचं दुखणं लागलं.”

“मी खिडकीत होते.”

“कुठली गं? अंथरुणात होतीस.”

“मग ते वळलेच नाहीत?”

“मला काय माहीत? मी भांडी घासत होते. दार लागल्याचा आवाज झाला.”

“आणि जाऊन येतो म्हणाले ते?”

आईनं बाबांच्या वाटीवरचं झाकण सरळ केलं. “नळ चालू होता गं,” ती म्हणाली. “म्हणाले असतील.”

चिगुसाला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं. दुःख असतं तर तिनं ओळखलं असतं, ते तिच्या सवयीचं होतं. हे दुसरंच काहीतरी होतं. सहा वर्षांची होती तेव्हापासून हिनं मला रागावू दिलं नाही. शाळेच्या मैदानी खेळांच्या दिवशी सगळ्यांचे बाबा दोरीला बांधलेले पाव तोंडानं पकडायला धावत होते आणि मी सतरंजीवर एकटी बसून मनात म्हणत होते, ठीक आहे, हात करून गेलेत. आई रात्रपाळीला जायची, मी गॅस बंद आहे ना ते तीनतीनदा बघून झोपायचे, आणि तेव्हाही मनात म्हणायचे, असेल काही अडचण, वळून पाहिलं ना त्यांनी. कॉलेजात एक मुलगा काही न सांगता सोडून गेला तर मी त्याच्यासाठीसुद्धा एक वळण शोधून काढलं. साबणाच्या डबीवाला पोरगा दगड मारून वसाहतीच्या काचा फोडायचा. सगळे त्याला नावं ठेवायचे, मीसुद्धा. त्याचंच बरोबर होतं! त्याच्याजवळ त्याचा राग तरी होता. मला काय मिळालं? एप्रनचा पट्टा.

“तू खोटं सांगितलंस,” ती म्हणाली. आवाज चिरका आला.

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“मला बरं वाटायला नको होतं! मला चिडायचं होतं. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. तू कोण मला अडवणारी?”

“आणि मला कुणी करून दाखवलं?” आई एकदम म्हणाली. तिचा चेहरा ताठ झाला होता. “तुझ्याकडे निदान हात तरी होता. मी काय घेऊन बसले होते? दाराचा आवाज?”

चिगुसाचा राग उलट वाढला, कारण आता तो आईवरही नीट बसत नव्हता. तिनं हात लांब केला, बाबांचं पान आपल्याकडे ओढलं, चॉपस्टिक्सनं बांगड्याचा पाठीकडचा मोठा तुकडा तोडला आणि तोंडात कोंबला.

“अगं, ते बाबांचं आहे!”

“भूक लागली असती तर आले असते.”

ती खात राहिली. काटेसुद्धा नीट काढले नाहीत. भात, लोणचं, निवलेलं सूप, सगळं संपवलं. आई बघत होती. तिनं हात धरला नाही. मग हळूच तिनं आपल्या पानातली मुळ्याच्या लोणच्याची फोड उचलून मुलीच्या वाटीत टाकली.

सोमवारच्या सभेत माना हलवून झाल्या होत्या, जाहिरातीची तारीख सांगून झाली होती, सगळे कागद आवरत होते, तेव्हा चिगुसा उभी राहिली. कुणाच्याही टेबलाशी आधी न जाता उभी राहिली. शेजारच्या हिराओकानं तिची बाही ओढली. “तो निरोपाचा हात काढून टाकायला हवा,” ती म्हणाली.

“उन्हाळाभर माझं डोकं खाल्लंस तू याच्यासाठी,” इनामुरासान सावकाश म्हणाले.

“हो.”

“माझ्या तोंडून छान म्हणवून घेतलंस.”

“तुम्ही आधी म्हणालात तेच बरोबर होतं. खोटं आहे ते.”

साहेब आधी बरोबर होता असं चारचौघांत म्हणणं म्हणजे साहेब नंतर चुकला असं म्हणणं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. वरच्या मजल्याहून आलेले गृहस्थ म्हणाले, “पण बाई, लोकांना आवडतंय ते.”

“मग हात ठेवा,” चिगुसा म्हणाली. “बटण द्या. ज्याला निघायचंय तो स्वतः दाबेल, स्वतः वळेल. पण जो तसाच गेला त्याच्या वतीनं यंत्रानं हात करायचा नाही. तो गेला. गवत दाखवा.”

“लोक चिडतील.”

“चिडू देत ना! चिडण्यासारखंच आहे ते. त्यांच्या सोबतचा माणूस न सांगता गेलाय, आणि आपण त्यांना गोड गोड करून गप्प बसवायचं? आपल्याला कुणी हा अधिकार दिला?” बोलता बोलता तिनं टेबलावर हात आपटला आणि दोन कपांतला चहा सांडला. तो पुसायलाही कुणी उठलं नाही.

“जागाही वाचेल,” हिराओका हळूच म्हणाला, छताकडे बघत. “पुष्कळ वाचेल.”

इनामुरासाननी विचारलं, “हे आधी येऊन का सांगितलं नाहीस?”

“आधी मला माहीत नव्हतं.”

त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि रुमाल काढून स्वतःच्या बाजूचा चहा पुसला. जाहिरातीसाठी दुसरं काहीतरी शोधलं गेलं. चिगुसाशी आठवडाभर कुणी धड बोललं नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पानं गळायच्या दिवसांत बाहेरची माणसं चाचणीला आली, आपापल्या गावांतून, आपापल्या टीव्हीसमोरून. त्या दुपारी चिगुसाच्या सोबत ओनोदेरा होता आणि दक्षिणेतल्या कागोशिमाची कुणी लाल टोपीवाली होती, जिचं नावगाव याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं. तिघांनी मिळून बराच वेळ रान तुडवलं होतं. टोपीवाली एकदा मरता मरता ओनोदेरानं तिला उठवलं होतं. पुलाच्या तोंडाशी तिघे टेकले. ओनोदेराच्या डोक्यावर शब्द उमटले, ‘आता पलीकडे गेलं की डावीकडून’, आणि ओनोदेरा नव्हता.

गवत होतं. दोघी उभ्या राहिल्या. ‘ओनोदेरासान?’ टोपीवालीनं लिहिलं. काही वेळ गेला. ‘गेले?’ मग आणखी काही वेळ. चिगुसाच्या मागे हिराओका येऊन उभा राहिला होता, पण हसला नाही. मग टोपीवालीच्या डोक्यावर एकदम शब्दांची रांग लागली: ‘शी! काय माणूस आहे! सांगून तरी जायचं ना! एवढा वेळ सोबत होतो आपण!’ आणि तिनं तलवार उपसून रिकाम्या गवतावर सपासप वार केले.

चिगुसानं हँडल खाली ठेवलं आणि की-बोर्ड पुढे ओढला. ‘हो ना,’ तिनं लिहिलं. ‘एकदा वळून बघायला काय झालं होतं? घरात लहान मूल झोपलंय, बायको भांडी घासतेय, नळ बंद करायला सांगून दोन शब्द बोलता आले नसते? भित्रा कुठला!’ शब्द तिच्या आकृतीच्या डोक्यावर उभे राहिले, पांढरे, स्वच्छ, कागोशिमापर्यंत दिसणारे. ती ते वाचत होती.

‘तुम्ही तर माझ्याहून चिडलात,’ टोपीवालीनं लिहिलं.

‘खूप,’ चिगुसानं लिहिलं.

तेवढ्यात झोत उतरला. त्यात पाय दिसले, मग निळं चिलखत, मग चेहरा. ‘माफ करा, माफ करा! सासूबाईंचा फोन!’ ओनोदेरा गवतातून पळत आला. टोपीवालीनं त्याला फैलावर घेतलं, तो वाकून वाकून क्षमा मागत राहिला. मग तो चिगुसापुढे येऊन थांबला. तिचे शब्द अजून विरले नव्हते. ‘भित्रा? मला म्हणालात?’

‘नाही,’ तिनं लिहिलं. ‘तुम्ही आलात ना परत. चला, पूल ओलांडू.’